इटालियनमध्ये 'वोर्रेई' म्हणजे काय? 'वोल्यो'ऐवजी ते कधी वापरायचं?

'वोर्रेई' हे 'वोलेरे' (हवं असणं) या क्रियापदाचं संकेतार्थी रूप, प्रथमपुरुषी एकवचनी. 'वोल्यो' म्हणजे थेट 'मला हवंय'. 'वोर्रेई' म्हणजे आपण दुकानात म्हणतो तसं 'मला जरा अमुक हवं होतं'. त्यात भूतकाळ नाही, फक्त अदब आहे. म्हणून कॉफी मागताना 'वोर्रेई उन काफ्फे' म्हणा, 'वोल्यो' तिथे हट्टी वाटतं.

पुढे स्वतःचीच कृती असेल तर मूळ क्रियापद जोडायचं: 'वोर्रेई पार्लारे', मला बोलायचं होतं. दुसऱ्याने काही करावं असं म्हणायचं तर मात्र 'के' (म्हणजे 'की') आणि अपूर्ण भूतकाळाचा संभावनार्थ (इच्छा किंवा शक्यता दाखवणारं क्रियापदाचं रूप) लागतो: 'वोर्रेई के तू वेनिस्सी', तू यावंस असं वाटतं. 'वेनिस्सी'ऐवजी 'वेंगा' हे वर्तमानरूप इथे टाळाच.

'आम्हाला हवं होतं' असं प्रथमपुरुषी अनेकवचनात म्हणताना 'म' दाबून उच्चारा: 'वोर्रेम्मो'. एकेरी 'म'चं 'वोर्रेमो' भविष्यकाळी होतं.