श्रावण त्यांचा, खिचडी माझी

‘अक्का, यंदा श्रावणात आमच्या ह्यांनी स्मार्टफोन सोडलाय. शिरोलीला फाउंड्रीत सुपरवायझर आहेत. कामापुरता बटणाचा फोन जवळ ठेवलाय, मोठा फोन बंद करून कपाटात. पहिले दोन दिवस मला कौतुकच वाटलं. आता तीन आठवडे होत आले. दोन्ही पोरांच्या शाळेचे ग्रुप, लाइट बिल, गॅस, सासूबाईंचे रिपोर्ट, पाव्हण्यांचे निरोप, सगळं माझ्या फोनवर. बाहेर मिसळ खाल्ली तरी पैसे मीच टाकायचे. पाऊस लागला की, “बघ की जरा, पंचगंगेचं पाणी किती फुटावर आलंय.” मी पतसंस्थेत नोकरी करते. घरी आले की हातात फोन असतोच. परवा जेवताना पोरांसमोर म्हणाले, “बघा तुमची आई, सारखी फोनमध्ये.” ताटावरून उठावंसं वाटलं. रात्री अकराला सगळं आवरून मी रील्स बघत बसते आणि एक वाजतो, हेही खरं. एकदा त्यांचा फोन कपाटातून काढून चालू केला, बघितला, परत ठेवला. त्यांना बोलले नाही. त्यांचं व्रत मोडावं असं मनात येतं. माझं चुकतंय का?’
– एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर

पोरी,

व्रत मोडायला लावू नकोस. तीन आठवडे फोन न उघडणं सोपं नाही, आणि त्यांनी ते दिखाव्यासाठी केलंय असं तुझ्या पत्रातून मला कुठंही दिसलं नाही. पण त्यांचा उपवास आहे आणि खिचडी तू परततेयस. साबुदाणा तू भिजवायचा, दाण्याचं कूट तू करायचं, आणि वर तुलाच ऐकवायचं की तू सारखी स्वयंपाकघरात असतेस. तुला जे लागलं ते बरोबर लागलं.

तुझं पत्र वाचताना मला २०१९चा ऑगस्ट आठवला. महापुरात आमच्या भागातली वीज गेली आणि एकेक करत सगळ्यांचे फोन बंद पडले. आम्ही संध्याकाळी जिन्यात बसायचो, मेणबत्तीवर गप्पा, पोरांच्या भेंड्या. आजही बिल्डिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, काय दिवस होते ते, फोन नव्हता तर माणसं भेटली. खालच्या मजल्यावरच्या वहिनी हे ऐकताना गप्प असतात. त्या वेळी फक्त त्यांच्याकडे भरलेली पॉवर बँक होती. कुणाच्या मुलीचा पुण्याहून फोन, कुणाच्या दुधाची चौकशी, कुणाचं औषध, सगळी बिल्डिंग त्यांच्या दारात. त्या एकदाही जिन्यात येऊन बसल्या नाहीत. हे माझ्या लक्षात यायला मला काही वर्षं लागली, आणि मी त्यांच्या वरच्याच मजल्यावर राहते. तुझ्या नवऱ्याच्या लक्षात तीन आठवड्यांत आलं नसेल तर ते वाईट आहेत असं समजू नकोस. पण त्यांना ते दाखवावं लागेल, आपोआप दिसणार नाही.

दुधाचा हिशेब मांडतेस ते कॅलेंडर घे. सोमवार ते रविवार, त्यांच्या वाटणीचं जे जे तुझ्या फोनवर आलं ते त्या त्या चौकोनात लिही. शाळा, बिल, आत्याबाईंचा फोन, मिसळीचे पैसे. काही बोलू नकोस, नुसतं लिही. रविवारी पोरं खेळायला गेली की पुढं ठेव आणि सांग, ‘अहो, तुमचं व्रत मला मान्य आहे. पण तुमच्या फोनचं काम बंद झालेलं नाही, ते माझ्या फोनमध्ये आलंय. आणि पोरांसमोर जे बोललात ते पोरांसमोरच मागं घ्या.’ शेवटचं वाक्य गाळू नकोस. पोरं मोठी होतायत, ती बघून ठेवतात.

आता कामाचं. यातलं बरंचसं व्रत न मोडता त्यांच्याकडं परत जातं. बँकेत नोंदवलेल्या नंबराचं सिम बटणाच्या फोनमध्ये घातलं की ओटीपी तिथंच येतो. गॅस त्यांच्या नावावर असेल तर नोंदवलेल्या नंबरावरून साधा फोन करूनही बुक होतो. रिझर्व्ह बँकेनं मार्च २०२२मध्ये साध्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आणलंय. त्यात इंटरनेट लागत नाही, फोन लावून सूचना ऐकत पैसे पाठवता येतात. तेही नको असेल तर खिशात रोख ठेवावी आणि बिलाच्या रांगेत उभं राहावं. स्क्रीन सोडायचा म्हणजे रांग परत घ्यायची, ती बायकोला द्यायची नाही. पाव्हण्यांना बटणाच्या फोनचा नंबर कळवायला एक संध्याकाळ पुरे.

पाण्याचं म्हणशील तर पंचगंगा घाटावर जाऊन लांबून पाणी बघून येणारी माणसं आपल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांनीही जावं, पोरांना न्यावं. मात्र राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांच्या इशारा पातळीकडं सरकायला लागलं की कपाट उघडायचं. ४३ फुटांची धोका पातळी गाठेपर्यंत व्रताची वाट बघायची नाही.

उरतो शाळेचा ग्रुप. त्याला दुसरी वाट नाही. एका पोराचा ग्रुप त्यांनी घ्यावा, रोज संध्याकाळी खुर्चीवर बसून दहा मिनिटं वाचावा, वहीत उतरवावा आणि फोन परत कपाटात. व्रत मोडतं म्हणाले तर सांग, उपवासाला औषध चालतं.

शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजायला लागला आणि दीड तास घराघरांतले टीव्ही, मोबाइल बंद व्हायला लागले. मला त्यातलं आवडतं ते असं की सगळे एकदमच बंद करतात. कुणी कुणाच्या मेसेजची वाट बघत नाही, कुणाचा निरोप दुसऱ्याच्या गळ्यात पडत नाही. तुमच्या घरात चार-पाच माणसं. महिनाभर एकानं सोडण्यापेक्षा रोज एक तास सगळ्यांनी सोडणं मला जास्त खरं वाटतं. सासूबाईंची मालिका कुठली ते बघून वेळ ठरवा. त्यांना डावलून ठरवलंस तर टिकणार नाही.

आणि तुझी रात्र. मी तुला रागवणार नाही. दिवसभरात तुला कुणी काही मागत नाही असा तो एकच वेळ आहे, म्हणून तू जागतेस. पण त्या वेळात तुला विसावा मिळत नाही गं. पेपरला शेवटचं पान असतं, मालिकेचा भाग संपतो, रील संपतच नाही. पुढचं काय येईल ते कळत नाही, म्हणून अंगठा थांबत नाही. झोप जाते आणि सकाळी पतसंस्थेत आकडे डोळ्यांपुढं नाचतात. तो तास रात्री अकरावरून उचलून संध्याकाळी सातवर आण. त्या वेळी भाकरी कोण थापणार हा प्रश्न आहे, तर त्यांचे दोन्ही हात सध्या मोकळे आहेत. गजराचं घड्याळ आण आणि फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला लाव. पहिले आठ दिवस झोप येणार नाही, तरी पडून राहा.

कपाटातल्या फोनचं मात्र कॅलेंडरच्या आधी सांग. तू काही चोरलं नाहीस, पण लपवून ठेवलंस तर रविवारी तुझंच बोलणं अडखळेल. ‘चालू केला, बघितला, ठेवला, मला एकटं पडल्यासारखं वाटत होतं,’ एवढंच सांग. तीन आठवड्यांचे मेसेज त्यात तसेच पडले असतील. ते कधी आणि कसे वाचायचे ते त्यांचं त्यांनी ठरवावं. तू त्या संध्याकाळी छत्री घे, फोन घरी ठेव आणि रंकाळ्यावर एक फेरी मारून ये.

– अक्का