विकायचीच नसतील तर चित्रं मांडायची कशाला?

एकही चित्र विकायचं नसेल तर प्रदर्शनाचा खटाटोप कशासाठी, असं तुम्ही विचारलंय. प्रदर्शनांत चित्रं लावण्याचं काम मी बरीच वर्षं करते, त्यामुळे डोळ्यांनी पाहिलेलंच सांगते.

चित्राशेजारच्या पट्टीवर किंमत असली की माणसं आधी पट्टी वाचतात. आकडा मोठा असला तर बिचकतात, लहान असला तर पुढे सरकतात. विकल्या गेलेल्या चित्राला लाल टिकली लागली की ते आता दुसऱ्याचं, म्हणून नजरही फार रेंगाळत नाही. एकदा आम्ही सगळ्या किमती काढून टाकल्या आणि दालनात एक बाक ठेवला. रिकाम्या खुर्चीच्या एका चित्रासमोर एक आजी कितीतरी वेळ बसल्या होत्या. शेजारच्या अनोळखी मुलाला म्हणाल्या, "कुणीतरी आत्ताच उठून गेलंय बघ. गादीला खळगा आहे अजून." ते चित्र मीच टांगलं होतं, पण खळगा मला दिसला नव्हता! मग तो मुलगा येईल त्याला खळगा दाखवत सुटला. मला प्रदर्शन हवं असतं ते यासाठी.

दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या नॅशनल गॅलरीनं आपली चित्रं वेल्समधल्या मॅनोडच्या खाणीत हलवली होती. भिंती ओक्याबोक्या झाल्या. लोकांना चित्रांवाचून राहवेना, तेव्हा १९४२ पासून दर महिन्याला एकेक चित्र परत आणून लावू लागले. सुरुवातीलाच आलं ते टिशन या जुन्या इटालियन चित्रकाराचं 'नोली मे टांगेरे' हे चित्र. रात्री ते तळघरात सुरक्षित ठेवायचे. बाहेर युद्ध चालू असताना माणसं एका चित्रासाठी वाट वाकडी करून येत, आणि त्यांतलं कुणीही ते घरी नेणार नव्हतं.

चित्रकारानं मग खायचं काय, हा प्रश्न खरा आहे. क्रिस्टो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्यानं १९९५ मध्ये बर्लिनची राइशस्टागची, म्हणजे जर्मन संसदेची, इमारत चंदेरी कापडात गुंडाळली. दोन आठवडे कुणीही यावं, बघावं. तिकीट नाही, प्रायोजकही नाही. खर्च निघाला तो त्याच कामाची रेखाटनं आणि कोलाज विकून. म्हणजे विक्री होतीच, फक्त बघणाऱ्याच्या वाटेत ती आली नाही.

तुम्ही प्रदर्शन भरवणार असाल तर किमतींची यादी वेगळी ठेवा, मागेल त्याला द्या. बाक मात्र ठेवाच, आणि दोघंतिघं बसतील एवढा लांब ठेवा.