शवासनात चक्कर आली, बाळाला काही झालं तर नसेल नं?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. मनीषनगरकडची एक मुलगी सासूबाईंना घेऊन आली, पाचवा संपून सहावा लागलेला. खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, मी माझ्याच हातानं बाळाला इजा केली तं नाही नं?" बोलताना एक हात सारखा पोटावर, दुसऱ्या हातात मोबाईल, त्यात कुठल्यातरी योगाच्या व्हिडिओवर पॉज केलेलं.

झालं असं की ही सहा वर्षं रोज योगा करणारी. बाविसाव्या आठवड्यात नेहमीसारखाच व्हिडिओ लावला, दुपारची वेळ, बाहेर ४५ डिग्री, खोलीतला कूलर नुसती दमट हवा फेकत होता, आणि शेवटी उताणी पडून दहा मिनिटं शवासन. मळमळ, दरदरून घाम, डोळ्यासमोर अंधारी. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी तपासलं, ठोके नॉर्मल, बीपी नॉर्मल, म्हणाले सगळं ठीक आहे. पण असं का झालं ते हिनं विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. तेव्हापासून तीन आठवडे योगा बंद, फिरणं बंद, झोप नाही, रात्री उठून उठून बाळ हलतंय का बघायची.

भीती घालवायची तर आधी कारण कळायला हवं असं मला मनापासून वाटतं, नुसतं "टेन्शन घेऊ नको" म्हणून ती जात नाही. म्हणून मी तिला सांगितलं, साधारण विसाव्या आठवड्यानंतर उताणं पडलं की गर्भाशयाचं वजन कण्याजवळच्या मोठ्या शिरेवर येतं, हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं, बीपी उतरतो आणि चक्कर येते. त्यात ती उकाड्याची खोली. कुशीवर वळलं की दाब निघतो. तू घाबरून लगेच कुशीवर वळलीस नं? हो म्हणाली. मग जे करायला हवं होतं तेच तुझ्या शरीरानं केलं. ती रडली, आणि मी तिला रडू दिलं.

सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नवव्यापर्यंत सडा-सारवण करत होतो, आता हिनं हलायचंच नाही का?" त्यांचं चुकीचं नव्हतं. तब्येत ठीक असेल तर आठवड्याला १५० मिनिटं हलका-मध्यम व्यायाम चालतो, बोलता बोलता करता येईल इतपतच, धाप लागली की थांबायचं. पण मी आधी तिला डॉक्टरांकडे परत पाठवलं, नेमके प्रश्न कागदावर लिहून: वार (प्लॅसेंटा) खाली आहे का, गर्भाशयाचं तोंड नीट बंद आहे का, बीपी वाढायचा धोका आहे का. यातलं काही असेल तर ते सांगतील तेवढंच करायचं, घरच्या घरी प्रयोग नाही.

तिथून हो आलं. मग आम्ही तिची जुनी यादी घेऊन बसलो. कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं, पोटावर झोपून करायचं भुजंगासन-धनुरासन, सर्वांगासन, पोट पिळणारे ट्विस्ट, सगळं बाद. राहिलं काय तर भिंतीला धरून ताडासन, गुडघ्याखाली सतरंजीची घडी ठेवून मार्जारासन, बद्धकोनासन, अनुलोम-विलोम न रोखता, आणि भ्रामरी. तिचा चेहरा पडला, "एवढंच?" हो एवढंच, आणि हे कमी नाही गं. सहा वर्षांच्या सवयीवाल्या बाईला मी जास्त जपते, कारण या दिवसांत हार्मोन्समुळे सांधे ढिले पडतात, आज जास्त वाकता येतंय म्हणून खुश होऊन ताणत राहिलं की कंबरेचा नाहीतर ओटीपोटाच्या सांध्याचा त्रास मागे लागतो.

वेळ ठरली सकाळी साडेसहा, ऊन चढायच्या आत. रक्त, पाणी जाणं, पोट परत परत कडक होणं, छातीत दुखणं, एका पायाची पिंढरी सुजणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर थांबायचं आणि दवाखान्यात फोन, उद्या बघू असं नाही.

जाता जाता तिला तिथेच सतरंजीवर डाव्या कुशीवर झोपवलं, दोन गुडघ्यांमध्ये एक उशी, पोटाखाली घडी केलेली चादर. पाचेक मिनिटांनी सासूबाई माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, "झोपली वाटतं, उठवू नका."