अरुंद तोंडाशी प्रिझमचे थर का मोडतात?

प्रश्न : अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल सुकवण्याच्या यंत्रांचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी डिझाइनचे काम पाहतो. हवेचा प्रवाह संगणकावर मोजण्यासाठी गरम हवेच्या नोझलचे मेश करताना, म्हणजे आतली जागा लहान घटकांत विभागताना, भिंतीलगत १५ प्रिझम थर (त्रिकोणी तळाच्या चपट्या घटकांचे थर) दिले. पहिला थर ०.०२ मिमी, वाढीचे प्रमाण १.२ (प्रत्येक थर आधीच्याच्या १.२ पट जाड). नोझलच्या ३ मिमी रुंद तोंडाशी ‘निगेटिव्ह व्हॉल्यूम’ (घटकाचे घनफळ ऋण) अशी चूक येते. तिथे हवेचा वेग सेकंदाला २० मीटर आणि तापमान १२० अंश सेल्सिअस आहे. पहिला थर जाड केला तर चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : कृपया तसे करू नका, कारण दोष पहिल्या थरात नाही. आपल्या वेगाला आणि तापमानाला वाय-प्लस (भिंतीपासूनचे अंतर प्रवाहाच्या मापात सांगणारा आकडा) १ चे अंतर साधारण ०.०२ मिमीच येते. थर जाड करून वाय-प्लस ५ ते ३० च्या दरम्यान गेला, तर तिथे भिंतीलगतचा प्रवाह नीट उलगडत नाही आणि वॉल फंक्शनही (भिंतीलगतच्या प्रवाहाऐवजी वापरायचे तयार सूत्र) भरवशाचे राहत नाही. झोताचा आकार मात्र याच पातळ पट्ट्यावर ठरतो.

आता बेरीज करून पाहा. १५ थरांची जाडी १.४४ मिमी होते, म्हणजे समोरासमोरच्या दोन भिंतींची मिळून २.८८. तीन मिमीच्या फटीत उरले ०.१२ मिमी, आणि आपला शेवटचा थर एकटाच ०.२६ मिमीचा आहे! मधली जागा भरणाऱ्या टेट्राला (चार त्रिकोणी बाजूंच्या घटकाला) जागाच नाही. त्यात तोंडाच्या धारदार कडेशी थरांच्या दिशा जरा वळल्या, की प्रिझमचा वरचा त्रिकोण उलटतो आणि घनफळ ऋण निघते.

म्हणून फक्त तोंडाशी १० थर ठेवा. दोन्ही बाजूंचे मिळून १.०४ मिमी होतील आणि मधल्या जवळपास दोन मिमीत ०.१२ ते ०.१५ मिमीचे टेट्रा बसतील. दहावा थर ०.१० मिमीचा असल्याने आकारात एकदम उडी पडणार नाही. थर कमी होतात तिथे उघड्या पडणाऱ्या चौकोनी बाजूंना पिरॅमिड घटक लागतात, तेवढे तपासा.

नोझलचा छेद फटीच्या संपूर्ण लांबीत एकसारखा असेल, तर मला याहून चांगला वाटणारा मार्ग वेगळा आहे. नोझलच्या एका टोकाच्या छेदावर, भिंतीलगत बारीक असे त्रिकोण आखून ते लांबीच्या दिशेने स्वीप करा (ओढत न्या), म्हणजे तोंडाचा सारा भाग प्रिझमचाच होईल आणि थरांची टक्कर उरणार नाही. हवा बाजूने आत येते तो भाग तेवढा टेट्राचा ठेवावा.