"मॅडम, मला मेंटॉरच नाही, माझं कसं होणार?"

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो, आणि विचारणारे बहुतेक नुकतेच एमडी होऊन मेडिकल कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलेले असतात. मी लातूरला समुपदेशन करते. ओळख कळू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.

त्यातलीच एक, मेडिसिनची, मराठवाड्यातल्याच एका सरकारी कॉलेजात. सकाळी ओपीडी, मग वॉर्ड, दुपारी पोरांचं लेक्चर, मधेच इमर्जन्सी, घरी तीन वर्षांचं लेकरू. असोसिएट प्रोफेसर व्हायला चार वर्षं, दोन छापलेले रिसर्च पेपर, शिवाय रिसर्चचा आणि मेडिकल एज्युकेशनचा बेसिक कोर्स पाहिजे, आणि हिची अडीच वर्षं होऊन पेपर शून्य. एचओडी, म्हणजे विभागप्रमुख सर, माणूस चांगले, पण त्यांच्या केबिनबाहेर कायम रांग. पुण्या-मुंबईच्या बॅचमेट्सचे स्टेटस बघून हिला रात्री झोप येईना. "इथं राहून काय रिसर्च होणारे मॅडम," म्हणली आणि डोळे भरून आले. मी तिला रडू दिलं, अडीच वर्षांत तिला कुणी साधं कशी आहेस म्हणून विचारलं नव्हतं.

मग मी तिला डॉ. हिंमतराव बावस्करांचं सांगितलं. मूळचे जालना जिल्ह्यातले, काम केलं महाडकडच्या खेड्यांत, आणि विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचं त्यांचं काम लॅन्सेट या मोठ्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आलं. पेशंट समोर होते, नोंदी नीट ठेवल्या. ती गप्प बसून ऐकत होती.

त्याच महिन्यात आम्ही स्पीड मेंटॉरिंग ठेवलं होतं. म्हणजे हॉलमध्ये सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर एक सीनियर, ज्युनियरनं दहा मिनिटं बसायचं आणि घंटी झाली की पुढच्या टेबलावर. "दहा मिनिटांत काय होतंय," म्हणली. खरंय, दहा मिनिटांत मेंटॉर मिळत नाही, असं कुणी सांगत असेल तर ऐकू नका. पण एका छोट्या प्रश्नाचं उत्तर मिळतं आणि कुणाशी आपलं जमेल ते कळतं. एकच गुरू सगळं देईल ही वाट बघण्यात वर्षं जातात हो.

तिनं चिठ्ठीवर लिहून आणलं होतं, "करिअरबद्दल मार्गदर्शन हवे." मी चिठ्ठी परत दिली, म्हणलं हे विचारलंस तर समोरचा भाषण देईल. तीनदा खाडाखोड करून शेवटी उतरलं ते असं: "माझ्या वॉर्डात फवारणीचं औषध प्यालेले पेशंट वर्षभर येतात, त्यातून पहिला पेपर कसा काढू?"

पहिलं टेबल वाया गेलं, ते सर स्वतःबद्दलच बोलत राहिले, असं होतं कधीकधी. तिसऱ्या टेबलावरच्या सरांनी चिठ्ठी वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "रजिस्टर नीट आहे ना? मग आधी एथिक्स कमिटीला अर्ज कर, दोन वर्षांच्या केसेस काढ, आणि आयसीएमआरच्या एसटीएसला, ती विद्यार्थ्यांसाठीची रिसर्चची योजना, एखादा एमबीबीएसचा पोरगा तयार कर, त्यालाही शिकायला मिळतं." शेवटच्या टेबलावरच्या मॅडमनी रिसर्चचं नावच काढलं नाही, शनिवारी दुपारी लेकराला कोण सांभाळतं एवढंच विचारलं, आणि ते दोन तास नवऱ्याकडून आजच मागून घे म्हणल्या. ती मला नंतर म्हणली, सगळ्यात उपयोगाचं हेच होतं.

पण बहुतेकांचं गाडं अडतं ते इथून पुढं. त्याच रात्री मेसेज करायचा, तीनच ओळी: काय सांगितलंत, मी काय करणारे, पुन्हा कधी बोलू. सरांना त्रास होईल म्हणून पोरं करतच नाहीत आणि ओळख तिथंच मरते. हिनं दोनदा टाईप करून पुसला, मग तिसऱ्या टेबलावरच्या सरांना पाठवला. सकाळी सहाला उत्तर, "रविवारी दहाला फोन कर."

परवा तिचा फोन आला, एथिक्स कमिटीची परवानगी मिळाली म्हणून. पेपर अजून झालेला नाही. पुढच्या वेळी एका ज्युनियरला पाठवते म्हणली, त्याची चिठ्ठी तिनं आत्ताच दोनदा परत लिहायला लावलीये.