तेरा वर्षांच्या लेकाला उचलायचं कुठवर?

तासगाव तालुक्यातल्या एका आईचं पत्र आहे. मुलगा १३ वर्षांचा, सातवीत, हुशार. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्यानं स्नायूंवर नीट ताबा नाही, दोन्ही पाय ताठ. यंदा तो एकदम जड झालाय, पायही जास्त ताठलेत. उचलून उचलून आईची कंबर गेली. वडील दिवसभर द्राक्षबागेत, आजी अजून घास भरवते. आणि बारावीतली लेक परवा म्हणाली, "या घरात मी आहे का कुणाला?"

ताई,

पाय ताठले ते तुम्ही व्यायामात कमी पडलात म्हणून नव्हे. या वयात हाडं झपाट्यानं वाढतात, ताठ स्नायू त्या वेगानं वाढत नाहीत, म्हणून गुडघे दुमडतात, टाचा उचलल्या जातात. मिरजेला हाडांच्या डॉक्टरांना दाखवून खुब्यांचा एक्स-रे काढून घ्या. खुबा हळूहळू सरकतो आणि सुरुवातीला बऱ्याचदा दुखतही नाही. पायातले स्प्लिंटही, म्हणजे पाय सरळ धरणारे आधार, बघा. काढल्यावर लाल वळ अर्ध्या तासात गेला नाही, तर ते बदलायला झालेत.

आता उचलण्याचं. काखेत हात घालून झटक्यात ओढलं की त्याचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात आणि सगळा भार तुमच्या कमरेवर येतो. उचलू नका, सरकवा. कॉट आणि व्हीलचेअरची बैठक एका उंचीला आणा, साधारण १८ ते २० इंच. कॉट बुटकी असेल तर पायांखाली लाकडी ठोकळे पक्के बसवून घ्या. खुर्ची कॉटला तिरकी लावा, दोन्ही ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करा. तळवे जमिनीवर, गुडघे दुमडलेले. मग त्याला पुढं वाकायला सांगा. नाक पायाच्या बोटांवर आलं की बूड हलकं होतं, तेवढ्यात कमरेला धरून वळवा. हातांनी तो जेवढा भार घेईल तेवढा घेऊ द्या. घाई केली की पाय ताठतात, म्हणून सराव शाळेच्या सकाळी नको, रविवारी करा. पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टला समोर उभं करा.

दाराशी दीड फुटाचं जोतं आहे म्हणता. उताराला इंचामागं एक फूट लांबी लागते, म्हणजे १८ फूट. गवंडी सहा फुटांत बसवून देतो म्हणेल, ऐकू नका. इतक्या उभ्या चढावर खुर्ची मागं उलटते. अंगणात मावत नसेल तर मध्ये सपाट जागा ठेवून वळण घ्या.

आजींना भरवणं एकदम बंद करा म्हणू नका, त्यांचा जीव त्यात आहे. पण पहिले चार घास त्याचे. जाड मुठीचा चमचा, उभ्या काठाचं ताट, खाली ओला पंचा म्हणजे ताट सरकत नाही. सांडेल, वेळ लागेल. लागू द्या.

लेकीचं वाक्य मत्सराचं नाही. रोज संध्याकाळचे दोन तास तिचे, त्यात भावाचं एकही काम सांगू नका. "आमच्यामागं तूच" हेही तिच्यासमोर बोलणं थांबवा. मुलगा समजदार आहे, १८ नंतर त्याचे निर्णय तोच घेईल. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यातलं पालकत्व, म्हणजे सज्ञान अपंग माणसासाठी कायदेशीर पालक नेमणं, ज्यांना स्वतः ठरवता येत नाही त्यांच्यासाठी आहे.

एक गोष्ट पत्रात नाही, पण विचारते. त्याला आंघोळ कोण घालतं? तुम्ही किंवा आजी असाल तर १३ वर्षांच्या मुलाला ते आता अवघड जात असणार. न्हाणीत भिंतीला दांडा आणि पाठ असलेली प्लॅस्टिकची खुर्ची ठेवा, आणि हे काम त्याच्या वडिलांकडे द्या. छाटणीच्या दिवसांत सकाळ जमणार नाही, तर आंघोळ रात्री ठेवा.