शब्द नसलेला गिटारचा निवांत अल्बम नेमका ऐकायचा कसा?

तुम्ही लिहिलंय की मित्राने क्रुआंगबिन या बँडचा 'कोन तोदो एल मुंदो' हा अल्बम पाठवला, फोनवर लावला, बरा वाटला, पण तिसऱ्या-चौथ्या तुकड्यापर्यंत सगळं सारखंच वाटायला लागलं. कुणी गात नाही, काही घडत नाही, मग कामाच्या मागे वाजत ठेवण्यापलीकडे यात ऐकण्यासारखं काय असतं, असा तुमचा प्रश्न आहे.

पुष्कळ असतं. पण आधी एक विचारतो, ऐकलं कशावर? फोनच्या स्पीकरवर ऐकलं असेल तर निम्मं संगीत तुमच्यापर्यंत पोचलेलंच नाही. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की सेकंदाला सुमारे 82 कंपनं होतात. बेस गिटारची त्याच्याही खाली, सुमारे 41. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून हा खर्ज नीट बाहेर पडूच शकत नाही. आणि हा बँड तिघांचा: मार्क स्पीअर गिटारवर, लॉरा ली बेसवर, डोनाल्ड जॉन्सन ड्रमवर. तिघांपैकी एक जण जवळपास गायब झाला तर उरलेलं पातळ वाटणारच. महागडं काही घेऊ नका. कानात घट्ट बसणारे साधे वायरचे इअरफोन पुरतात.

आता शब्दांचं. आपण खान्देशातली माणसं बिनशब्दाचं संगीत ऐकत नाही असं थोडंच आहे? लग्नात बँडवाला अहिराणी गाण्याची चाल धरतो तेव्हा कुणी गात नसतं, तरी अख्खी वरात नाचते. पण तिथे शब्द प्रत्येकाच्या डोक्यात तयार असतात, वाद्य फक्त त्यांची आठवण करून देतं. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांनी गिटारवर वाजवलेली सिनेमाची गाणी घरोघरी आवडली, तीही बऱ्याच अंशी अशीच ऐकली गेली. त्यामुळे कानाला शब्द शोधायची सवय लागते. माझ्या मामेभावाला मी हाच अल्बम ऐकवला तेव्हा त्याने पहिल्यांदा हेच विचारलं, "यामा गानं कोठे शे?" मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. पहिल्या खेपेला गिटारकडे लक्षच देऊ नका, फक्त बेस धरा.

तबल्याचं एकलवादन ऐकलं असेल तर हे चटकन कळेल. तिथे हार्मोनियम किंवा सारंगी लेहरा धरून बसते, तेच तेच आवर्तन पुन्हा पुन्हा, आणि त्या भरवशावर तबलजी मनसोक्त हिंडून येतो. क्रुआंगबिनमध्ये ते काम लॉरा लीचा बेस करतो. चार-सहा सुरांची छोटी ओळ, तीच परत, तीच परत. ती ओळ तुमच्या तोंडात बसली, तुम्ही ती गुणगुणू शकलात, की गिटार आपोआप मोकळी ऐकू यायला लागते. मग लक्षात येतं की मार्क स्पीअर किती कमी वाजवतो. एक वाक्य म्हणतो आणि थांबतो. त्या थांबण्यात मागचा सूर घुमत राहतो, खालून बेस पुढे सरकतो, आणि पुढचं वाक्य बहुतेक वेळा तुम्हाला वाटलं त्याच्या किंचित नंतर येतं. 'काही घडत नाही' असं ज्या जागी वाटतं, तिथेच सगळं घडत असतं.

शैलींची सरमिसळही इथेच सापडते. बँड अमेरिकेतल्या टेक्सासचा. 2015 च्या पहिल्या अल्बमवर साठ-सत्तरच्या दशकातल्या थायलंडच्या फंक, म्हणजे ठेक्यावर भर देणाऱ्या नाचत्या संगीताची छाप आहे, 2018 च्या या दुसऱ्यावर इराण आणि स्पेनकडचीही. 'मारिया तांबियेन' हा तुकडा पुन्हा लावा. ड्रम आणि बेस अमेरिकन नाचाच्या चालीत, आणि वर गिटार भलत्याच मुलखातल्या वळणाने जाते. सूर ज्या पद्धतीने वळतो, एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधे जी छोटी हरकत घेतो, ती ऐका. ही जोडणी दिसू नये इतकी सफाईदार आहे, म्हणूनच वरवर ऐकताना सगळं एकसारखं वाटतं. अल्बमच्या नावामागची गोष्टही मला फार आवडते. लॉरा लीचे आजोबा तिला विचारायचे, माझ्यावर किती प्रेम करतेस? आणि त्यांना एकच उत्तर चालायचं: 'सगळ्या जगाएवढं'. अल्बमचं नाव ते उत्तर आहे आणि पहिल्या तुकड्याचं नाव तो प्रश्न. शब्द जवळजवळ नसलेल्या संगीतातही माणसं काय काय ठेवून जातात!

एवढं करूनही कान बसला नाही, तर थोडं मागे जा आणि आपल्याकडच्या गिटारपासून सुरुवात करा. 1967 चा 'कॉल ऑफ द व्हॅली' घ्या. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, आणि गिटार ब्रिजभूषण काबरांची. काश्मीरमधल्या मेंढपाळाचा दिवस, सकाळच्या अहिर भैरव रागापासून रात्रीपर्यंत. काबरा गिटार मांडीवर आडवी ठेवून तारेवरून पोलादी कांडी सरकवायचे, त्यामुळे दोन सुरांमधली वाट तुटत नाही, अस्सल मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघते. ते ऐकलं की विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांचा 1993 चा 'अ मीटिंग बाय द रिव्हर' ऐका. भट्टांची मोहनवीणा म्हणजे चिकारी-तरफा, म्हणजे सतारीसारख्या जादा तारा, लावलेली गिटारच. कूडरही तारेवर नळी सरकवून वाजवतो, पण त्याच्या हातात ब्ल्यूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं जुनं लोकसंगीत आहे. तबला आहे, शिवाय कूडरच्या मुलाचा दुंबेक, म्हणजे अरबी हातढोल. चारच तुकडे, सगळे मिळून चाळीसेक मिनिटं. त्यातला 'गॅंजेस डेल्टा ब्ल्यूज' मला सगळ्यात प्रिय. एक जण सूर खाली सोडतो, दुसरा तो उचलतो, आणि थोड्या वेळाने कुणाचा हात कुठला हे ओळखायची गरजच राहत नाही. या अल्बमला ग्रॅमीही मिळालं.

केव्हा ऐकायचं, हेही महत्त्वाचं आहे. मला भुसावळ-सुरत मार्गावरची पॅसेंजर या संगीतासाठी फार योग्य वाटते. अमळनेर सुटलं की नरडाणा, दोंडाईचा करत नंदुरबारपर्यंत गाडी आपल्या गतीने जाते, बाहेर कपाशीचे सपाट पट्टे, आणि गाडीला जेवढी घाई नाही तेवढीच संगीताला नाही. घरी ऐकणार असाल तर उन्हाळ्यात गच्चीवर अंथरूण टाकल्यावर ऐका. स्वयंपाक करताना, हिशेब करताना मागे लावायलाही माझी हरकत नाही, पण ते एकदा सलग ऐकून झाल्यानंतर. आणि सलग म्हणजे अल्बमच्याच क्रमाने. 'निवांत संगीत' नावाच्या तयार प्लेलिस्टमध्ये याचा एक तुकडा, त्याचा एक तुकडा, मधे जाहिरात, असं ऐकलं की प्रत्येक तुकडा खरोखरच दुसऱ्यासारखा वाटतो. संथ तुकड्यानंतर वेगवान का ठेवलाय, हे त्या प्लेलिस्टमध्ये कळायला जागाच नसते.

बेस धरता यायला लागला की एर्मानोस गुतिएरेझ या दोन भावांकडे वळा. वडील स्विस, आई इक्वेडोरची, आणि दोघांच्या हातात गिटारच. 2022 चा 'एल बुएनो इ एल मालो' घ्या. तिथे एक भाऊ ठेका सांभाळतो आणि दुसरा त्यावर हिंडतो, म्हणजे बेसवर तयार केलेला कान तसाच्या तसा तिथे कामी येईल.